भीती वाटते तेव्हा देवाशी काय बोलायचं: स्तोत्रांच्या वाटेनं भरवशाकडे

बायबलमध्ये 'भिऊ नको' हे शब्द 365 वेळा आले आहेत, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, असा मेसेज दर नवीन वर्षाला मंडळीच्या ग्रुपवर फिरतो. मोजायला बसलं तर तो आकडा भरत नाही. आणि भरला असता तरी रात्री दोन वाजता छातीत धडधडत असलेल्या माणसाच्या तो किती कामी आला असता, हा प्रश्नच आहे. पवित्र शास्त्रात 'भिऊ नको' कुणाला सांगितलं जातं ते बघा. मसकेतलं, म्हणजे कातडी पिशवीतलं, पाणी संपलं आणि लेकराचं मरण डोळ्यांनी बघवत नाही म्हणून लांब जाऊन बसलेल्या हागारेला. देवदूत समोर पाहून गोंधळलेल्या मरीयेला. रात्री मेंढरं राखताना घाबरगुंडी उडालेल्या मेंढपाळांना. जे आधीच थरथरताहेत त्यांनाच. घाबरून रडणाऱ्या लेकराला आई 'घाबरू नको, मी आहे ना' म्हणते, त्यातला हा सूर आहे. आपल्याकडे मात्र त्याचा हुकूम झाला. मग जो घाबरतो त्याला दुहेरी मार बसतो: एक भीतीचा आणि दुसरा 'माझा विश्वासच कमी' या अपराधीपणाचा.

हा लेख त्या दुहेरी मारातल्या माणसासाठी आहे. रिपोर्टची वाट बघणारे, नोकरीवर गदा आलेले, कोर्टाची तारीख पडलेले, परगावी गेलेल्या मुलाचा फोन लागत नाही म्हणून बसवत नाही असे. भरवसा म्हणजे भीती नसणं असं मी मानत नाही. भीती घेऊन कुणाकडे जायचं हे ठरलेलं असणं, एवढाच त्याचा अर्थ. ते ठरवायला शिकता येतं, आणि शिकवणी स्तोत्रसंहितेत आहे. खाली जो क्रम दिलाय तो त्याच क्रमानं पाळलाच पाहिजे असं नाही. पण पहिल्या दोन पायऱ्या वगळून कुणी थेट वचनांकडे धावलं, की वचनं हवेत राहतात असा माझा अनुभव आहे.

सुरुवात करण्याआधी: भिणं म्हणजे पाप का?

गेथशेमाने बागेतला येशू डोळ्यांसमोर आणा. वल्हांडणाचं जेवण झालंय, रात्र झालीये, आणि तो शिष्यांना सांगतोय की माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय. तीन मित्रांना म्हणतो, माझ्याबरोबर जागे राहा. जमिनीवर पालथा पडतो. हा प्याला टळावा असं मागतो, आणि तेच मागणं तीनदा मागतो. इब्री लोकांस पत्रात तर स्पष्ट लिहिलंय की त्यानं मोठ्यानं आक्रोश करत, अश्रू गाळत प्रार्थना केल्या. ज्याला आपण निष्पाप म्हणतो त्याची ही गोष्ट आहे. तेव्हा घाम फुटणं, रडू येणं, 'हे टळलं तर बरं' असं वाटणं यांना पापाच्या यादीत घालायचा अधिकार ना पाळकसाहेबांना आहे ना आपल्याला.

पेत्राचंही तसंच. पाण्यावरून चालता चालता वारा बघून तो भ्याला आणि बुडू लागला. त्याची प्रार्थना एका वाक्याची होती: प्रभुजी, मला वाचवा. मत्तय सांगतो की येशूनं लगेच हात पुढे करून त्याला धरलं आणि मग विचारलं, अरे अल्पविश्वासू, संशय का धरलास? आधी हात, मग प्रश्न. उपदेशातून हा क्रम बऱ्याचदा उलटा होतो.

पहिली पायरी: आधी शरीर

भीतीत सापडलेल्या माणसाला देवानं काय केलं याचं सगळ्यात तपशीलवार वर्णन हवं असेल तर 1 राजे, अध्याय 19 उघडा. एलीया कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवून आलाय. ईजबेल राणीचा एक निरोप येतो, उद्या या वेळेपर्यंत तुला मारते, आणि हा धीट संदेष्टा जीव घेऊन पळतो. बैर-शेब्याला चाकराला सोडतो, एकटाच रानात दिवसभर चालतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. मग झोपी जातो.

देवदूत येतो. उपदेश करत नाही. हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी तापल्या दगडांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं आहे. एलीया खातो, पितो, परत आडवा होतो. देवदूत त्याला तेव्हाही बोल लावत नाही. दुसऱ्यांदा येऊन तेच सांगतो, खा, पुढची मजल तुला झेपायची नाही. चाळीस दिवस चालून तो होरेबला पोहोचतो तेव्हा कुठे देव त्याच्याशी बोलायला लागतो.

म्हणून भीतीनं पछाडलं असेल तेव्हा प्रार्थनेला बसण्याआधी स्वतःला विचारा: शेवटचं पोटभर कधी जेवलो? काल किती झोप झाली? दिवसभरात किती कप चहा गेला? उपवास प्रार्थना ही चांगली गोष्ट आहे, पण तीन दिवस धड न जेवलेल्या, न झोपलेल्या माणसानं भीती घालवायला उपवास धरू नये. त्याला आधी वरणभात हवा. रात्री नऊनंतर आजाराची लक्षणं मोबाइलवर शोधायची नाहीत, आणि रात्री कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. नोकरी सोडणं, शस्त्रक्रिया नाकारणं, भावाला खरमरीत मेसेज पाठवणं, सगळं सकाळी.

अंगाला कापरं भरलं, श्वास अडकतोय असं वाटलं, तर पाय जमिनीवर टेकवून बसा आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. यात अध्यात्म कमी पडतं असं कुणी म्हणालं तर त्याला एलीयाची भाकर दाखवा.

दुसरी पायरी: भीतीचं नेमकं नाव

'मला खूप टेन्शन आलंय' ही प्रार्थना होऊ शकते, पण तिच्यावर देवाशी फार वेळ बोलता येत नाही. वही घ्या. वर लिहा: मला भीती वाटते की… आणि वाक्य पूर्ण करा. मग त्याच वाक्याला विचारा, तसं झालं तर काय? उत्तराखाली पुन्हा तोच प्रश्न. तीन-चार ओळींत खरी भीती वर येते, आणि ती बहुतेकदा पहिल्या ओळीतली नसते. 'ऑपरेशनची भीती' असं लिहून सुरुवात केलेल्या माणसाच्या चौथ्या ओळीत 'मी अंथरुणाला खिळलो तर सुनेला माझं करावं लागेल, आणि ते मला सहन होणार नाही' असं निघतं. आता देवाशी बोलायला काहीतरी हातात आलं.

लिहिताना एक भीती विशेष शोधा, कारण ती लपून बसते: खुद्द देवाची. हा आजार माझ्या कुठल्यातरी पापाची शिक्षा आहे. आजोबांच्या मूर्तिपूजेचा शाप घराण्यावर आहे. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, मंडळीला दिला नाही म्हणून मुलाची नोकरी गेली. आपल्या मंडळ्यांमध्ये अशा भीतीला खतपाणी घालणारे प्रवचनकार आहेत, आणि घरात पूर्वापार चालत आलेली करणी-नजरेची धास्ती बाप्तिस्मा झाल्यावरही पिढ्यान्‌पिढ्या टिकते, फक्त ती बायबलच्या शब्दांत बोलायला लागते. योहान 9 मध्ये शिष्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून ते म्हणाले, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशूचं उत्तर: यानंही नाही आणि आईबापांनीही नाही. ज्याच्यावर भरवसा ठेवायचा तोच आपल्यावर टपून बसलाय असं मनात असेल तर पुढच्या सगळ्या पायऱ्या निसरड्या होतात. अशी भीती सापडली तर आधी योहान 9 आणि 1 योहान 4:18 घेऊन तिथेच काही दिवस थांबा. पूर्ण प्रीती भीती घालवून देते, कारण भीतीत शिक्षा आहे, असं ते वचन सांगतं. खरोखर काही चुकलं असेल तर ते देवाजवळ कबूल करा, माणसाचं नुकसान केलं असेल तर भरून द्या, आणि विषय बंद करा. न केलेल्या पापाचा पश्चात्ताप करत बसू नका.

तिसरी पायरी: तक्रार करायला शिका

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

150 स्तोत्रांपैकी निदान एक तृतीयांश स्तोत्रं तक्रारीची आहेत. रविवारच्या उपासनेत आपण बहुतेक आनंदाची निवडतो, त्यामुळे देवापुढे कुरकुर करणं म्हणजे अविश्वास अशी आपली समजूत होऊन बसते. स्तोत्रकर्त्यांना ही समजूत ठाऊक नव्हती. शिकायला सगळ्यात सोपं स्तोत्र 13 वं. जेमतेम सहा वचनं. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा आलाय: देवा, किती काळ विसरणार, किती काळ तोंड लपवणार, किती काळ मी मनात झुरू, किती काळ माझा वैरी वरचढ राहणार. मधल्या दोन वचनांत मागणं आहे: माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत तेज आण, नाहीतर मी मरेन. शेवटच्या दोन वचनांत भरवसा आणि गाणं.

म्हणजे तीन भाग झाले: जे दुखतंय ते, जे हवंय ते, आणि ज्याच्या जोरावर मागतोय ते. या साच्यात स्वतःचे शब्द भरायचे. समजा एका बाईच्या छातीत गाठ लागलीये आणि बायोप्सीचा रिपोर्ट उद्या मिळणार आहे. तिची प्रार्थना अशी होऊ शकते:

'देवा, अजून किती दिवस? गाठ लागली त्याला महिना झाला. सोनोग्राफी झाली, मॅमोग्राफी झाली, सुई घालून तुकडा काढला, आणि दर वेळी पुढची तारीख. घरातले सगळे झोपतात आणि मी एकटीच घड्याळाकडे बघत पडते. तू ऐकतोस की नाही तेच कळेना.

उद्या डॉक्टर रिपोर्ट वाचतील तेव्हा त्यांचं बोलणं मला नीट कळू दे, मी गांगरून जाऊ नये. गाठ साधी निघू दे. साधी नसेल तर उपचारांचे पैसे उभे राहू दे आणि धाकटीला कसं सांगायचं ते मला सुचव.

बाबा गेले त्या वर्षी घर कसं चाललं ते मला अजून उमगलेलं नाही, पण चाललं. तू होतास. त्याच भरवशावर उद्या रिक्षात बसते.'

या प्रार्थनेत 'हे सर्वसमर्थ स्वर्गीय पित्या' नाही, मोठमोठे शब्द नाहीत. ज्यांना चारचौघांत प्रार्थना करायची सवय आहे त्यांना हे उघडंवाघडं वाटेल. पण तपशील बघा. उद्याचा रिपोर्ट, डॉक्टरांचं बोलणं, धाकटी, रिक्षा. आणि शेवटी 'मला आता मुळीच भीती वाटत नाही' असा खोटा दावा नाही. बसणार आहे एवढंच. तिसऱ्या भागासाठी मात्र थोडी तयारी लागते. आयुष्यात देवानं निभावून नेल्याचे प्रसंग आधीच एका पानावर लिहून ठेवा, सालासकट. ऐन भीतीत ते आठवत नाहीत.

ही प्रार्थना मोठ्यानं म्हणा किंवा लिहा. मनातल्या मनात केली की भीती मध्येच तोंड घालते आणि बोलणं तिच्याशीच सुरू होतं. दुसऱ्या दिवशी तीच प्रार्थना पुन्हा करायला हरकत नाही. गेथशेमानेत तेच शब्द तीनदा झाले होते.

चौथी पायरी: खिशातलं एक वचन

एमआरआयच्या नळीत वही नेता येत नाही. मुलाखतीच्या बाहेरच्या बाकावर, ऑपरेशन थिएटरकडे जाणाऱ्या स्ट्रेचरवर, लिफ्ट अडकली तर, अशा वेळी लागतं ते एका श्वासात मावणारं वाक्य. ख्रिस्ती परंपरेत ही युक्ती फार जुनी आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन कॅसियन यांनी इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंकडून शिकून लिहून ठेवलंय की स्तोत्र 70 चं पहिलं वचन, देवा, मला सोडवायला ये, परमेश्वरा, माझ्या मदतीला धाव, हे उठता-बसता, काम करताना, झोप येईपर्यंत म्हणत राहावं.

मला स्तोत्र 56:3 आवडतं. त्याचा आशय: ज्या दिवशी मला भीती वाटेल त्या दिवशी मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. श्वास आत घेताना पहिला अर्धा भाग, सोडताना दुसरा. यात भीतीची कबुली आणि भरवसा एकाच वाक्यात आहेत, एकानं दुसऱ्याला हाकललेलं नाही. स्तोत्राच्या शीर्षकात प्रसंगही दिलाय: पलिष्ट्यांनी दावीदाला गथमध्ये धरलं तेव्हाचा. आणि त्याच गथमध्ये दावीदानं काय केलं ते 1 शमुवेल 21 मध्ये आहे. राजा आखीशाची त्याला फार भीती वाटली, म्हणून त्यानं वेडाचं सोंग घेतलं, दरवाजाच्या फळ्यांवर ओरखडे काढले आणि दाढीवर लाळ गाळली. दाढीवर लाळ ओघळतेय आणि पोटात भरवशाचं वचन, असा तो दिवस. आपला भरवसा याहून रुबाबदार दिसावा अशी अपेक्षा कशाला?

वचन पाठ करायचं ते शांत दिवसांत. भांडी घासताना, बसस्टॉपवर. वादळात पाठांतर होत नाही. कॅथलिक घरांत जपमाळ ओढायची सवय लहानपणापासून असते, त्यांना हा भाग अवघड जात नाही. प्रॉटेस्टंटांना पुन्हा पुन्हा तेच म्हणण्याचा जरा संकोच असतो. तो सोडावा.

गाता येत असेल तर गा. पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात, पाय खोड्यात अडकलेले असताना, मध्यरात्री गात होते. ना. वा. टिळकांचं एखादं भजन आजीच्या चालीत गुणगुणणं हे कित्येक जणांना वचनापेक्षा लवकर लागू पडतं.

पाचवी पायरी: आजचं आज

निर्गम 16 मध्ये मान्नाचा, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवानं दिलेल्या अन्नाचा, नियम आहे: माणशी एक ओमर (त्या काळचं माप), रोजच्या रोज. उद्यासाठी ठेवलं त्यात किडे पडले आणि वास सुटला. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायची मुभा होती, आणि ते नासलं नाही. म्हणजे तरतूद करायला देवाची ना नाही. आरोग्यविमा काढणं हा अविश्वास नव्हे, तसं कुणी शिकवत असेल तर ऐकू नका.

वहीच्या नव्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे, आज माझ्या हातात काय आहे: फाइल लावणं, विम्याच्या कार्डाची झेरॉक्स, बहिणीला फोन. उजवीकडे, माझ्या हातात नाही ते: रिपोर्ट काय येईल, साहेब काय ठरवतील. डावीकडचं करा. उजवीकडचं एकेक वाचून देवाला सांगा, हे तुझं. रात्री ते परत मनात येईल, दहा वेळा येईल. दहा वेळा सांगा.

सहावी पायरी: भीत भीतच एक पाऊल

भीती गेली की मग करू, असं म्हणणाऱ्याचं काम राहूनच जातं. गिदोनाला देवानं बापाची बआलाची वेदी पाडायला सांगितलं. घरच्यांची आणि गावकऱ्यांची भीती वाटली म्हणून त्यानं दिवसा न पाडता रात्री पाडली, सोबत दहा चाकर घेऊन. शास्त्रात ही भीती सरळ नोंदवली आहे आणि देवानं 'रात्री का पाडलीस' म्हणून विचारलेलं नाही. पुढच्याच अध्यायात देव त्याला म्हणतो, शत्रूच्या छावणीत उतरायला भीत असशील तर तुझा चाकर पुरा याला बरोबर ने. गिदोन पुराला घेऊन गेला, यावरून काय ते समजा.

तुमचं पाऊल तुमच्या भीतीच्या मापाचं ठरवा. तपासणीला जायची भीती वाटत असेल तर आज फक्त अपॉइंटमेंट घ्या. बँकेचं पत्र उघडायची भीती वाटत असेल तर कुणाला तरी शेजारी बसवून उघडा. गर्दीत, उपासनेला जायची भीती बसली असेल तर मागच्या बाकावर, दाराजवळ, पहिल्या गीतापुरतं. तुमचा पुरा कोण ते आधी ठरवून ठेवा.

सातवी पायरी: कुणाला सांगायचं, कुणाला नाही

याकोबाच्या पत्रात आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना बोलावून प्रार्थना करून घ्यावी असं आहे. बोलवायचंच. पण प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलेली गोष्ट दोन दिवसांत महिला मंडळापासून शेजारच्या गावापर्यंत पोहोचते हेही आपल्याला ठाऊक आहे. आधी एकच माणूस निवडा, पोटात गोष्ट राहणारा. त्याला मोघम 'प्रार्थना करा' म्हणू नका. 'सोमवारी अकराला रिपोर्ट आहे, त्या वेळी मी शांत राहावं म्हणून प्रार्थना कर, आणि बाराला मला फोन कर' असं सांगा. ग्रुपवर टाकायचं असेल तर जेवढं सगळ्या गावाला कळलं तरी चालेल तेवढंच टाका.

साक्षीच्या सभांबद्दलही एक बोलायला हवं. तिथे बहुतेक जिंकलेल्या लढाया सांगितल्या जातात: प्रार्थना केली, गाठ नाहीशी झाली. त्याच सभेत मागच्या रांगेत जिची गाठ नाहीशी झाली नाही ती बसलेली असते. 'अजून वाट बघतेय' ही सुद्धा साक्षच आहे, आणि मंडळीनं ती व्यासपीठावरून ऐकायला हवी.

प्रार्थनेच्या बरोबरीनं: पळणं आणि औषध

काही भीती खरी सूचना असते. शौलानं भाला फेकला तेव्हा दावीद भरवसा ठेवून भिंतीशी उभा राहिला नाही, निसटला. पौलाला दिमिष्कात जिवे मारायचा कट कळला तेव्हा शिष्यांनी त्याला टोपलीत बसवून गावकुसावरून खाली सोडलं. योसेफ तर बाळाला घेऊन रातोरात मिसरला गेला. घरात नवऱ्याची, सासऱ्याची, कुणाचीही मारहाण होत असेल तर ती भीती प्रार्थनेनं शांत करायची नसते. आधी सुरक्षित जागी जा. महिलांसाठी 181 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 हे नंबर आहेत. 'सहन कर, तोच तुझा क्रूस' असा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका, मग देणारा कितीही आदरणीय असो.

छातीत कळ, घाम, हात जड पडणं असं काही पहिल्यांदाच झालं तर ते भीतीचं म्हणून सोडून न देता आधी हृदयाची तपासणी करून घ्या. आणि दोन-तीन आठवडे झोप नाही, कामावर जाववत नाही, अचानक मरणाची भीती येऊन गळा आवळते, किंवा जगूच नये असं वाटतं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जगू नये असं वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका, आजच कुणाला तरी सांगा. सरकारची टेली-मानस सेवा 14416 वर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. गोळी घेणं म्हणजे विश्वासात कमी पडणं, ही समजूत मराठी ख्रिस्ती माणसानं तरी बाळगू नये. मिरजेत 1894 मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी दवाखाना उभा केला तो मिशनच्याच वतीनं. बायबल आणि औषधाची बाटली आपल्याकडे पहिल्यापासून शेजारी शेजारी आहेत.

आणि ज्याला भीत होतो तेच झालं तर?

हा प्रश्न टाळून भरवशाबद्दल लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. दानीएलाच्या पुस्तकात बाबेलचा राजा तिघा तरुणांना धमकावतो, माझ्या मूर्तीपुढे वाका, नाहीतर जळत्या भट्टीत टाकीन. ते तिघे, शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो, राजाला म्हणाले, आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवू शकतो; पण न सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. 'पण न सोडवलं तरी' हे शब्द त्यांनी भट्टीत पडण्याआधी उच्चारले होते.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघा. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं आणि 1882 मध्ये तेही गेले, पदरात लहान मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्म्यानंतर संकटं थांबली का? नाही. 1921 मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई. पण मधल्या काळात काय झालं तेही बघा. 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा उपासमार काय असते हे अंगावर झेललेली ही बाई त्याच दुष्काळात शिरली आणि मुलींना घेऊन आली. त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. आपल्या सगळ्यात जुन्या भीतीच्या दिशेनंच ती चालत गेली. देवानं तिला दुःखापासून वाचवलं असं त्या चरित्रावरून म्हणता येत नाही. ती त्याला धरून राहिली, आणि तिच्यामुळे इतर मुली वाचल्या, असं म्हणता येतं.

वाईट बातमी आलीच तर त्या दिवशी स्तोत्र 88 वाचा. हे स्तोत्र तक्रारीतून वळत नाही, शेवटी भरवशाचं कडवं नाही, अंधारावरच ते संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, आणि सगळा वेळ देवाशीच बोलतं. त्या दिवशी तुमच्याकडूनही वळण आलं नाही तर चालेल. आभाराची प्रार्थना जबरदस्तीनं करू नका.

आणि बातमी दुसऱ्या कुणाला आली असेल, तुम्ही भेटायला जात असाल, तर 'देवाची इच्छा' हे शब्द दाराबाहेर ठेवा. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे रोमकरांस 8:28 सुद्धा. ते वचन खरं आहे, पण ते त्या माणसानं स्वतः कधीतरी उच्चारायचं आहे, तुम्ही त्याच्या तोंडात घालायचं नाही. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस-रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर काही न बोलता बसले, तोवर त्यांचं बरोबर चाललं होतं. तुम्ही डबा घेऊन जा. दवाखान्यात रात्री कोण थांबणार ते विचारा आणि एक रात्र स्वतःकडे घ्या. प्रार्थना करू का, असं विचारा, आणि 'नको' म्हणाले तर नका करू, तिथे नुसते बसा.